दूध संघाच्या सर्व्हरवर ह्यूज पेजेस चालू करताना

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सर्व्हरवर ह्यूज पेजेस, म्हणजे मेमरीची नेहमीपेक्षा मोठी पानं, चालू करणं हे दोन-तीन ओळींचं काम आहे, असं कुठेही शोधलंत तरी वाचायला मिळतं. ओळी खरंच तेवढ्याच आहेत. पण त्या चालत्या सर्व्हरवर जाईपर्यंत आमचा जून ते सप्टेंबर गेला. मधे काय काय लागलं ते इथे लिहून ठेवतेय. ज्यांची टीम लहान आहे, सर्व्हर दुसऱ्याच्या मालकीचा आहे आणि तो तासभर बंद ठेवायलाही कुणाची तरी सही लागते, त्यांना उपयोगी पडेल.

आमचा ग्राहक पश्चिम महाराष्ट्रातला एक दूध संघ. नाव लिहीत नाही. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) थेट मुख्य सर्व्हरवर नोंदलं जातं आणि उत्पादकाच्या हातात पावती पडते. दर दहा दिवसांनी बिल निघतं. सर्व्हर संघाच्याच आवारात आहे. दोन सॉकेट (म्हणजे दोन प्रोसेसर), १२८ जीबी रॅम, उबुंटू २२.०४, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ५.१५, पोस्टग्रेस १५. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची त्याची सामायिक मेमरी, ३२ जीबी. त्याच मशीनवर जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हरही बसलाय, त्याला ४८ जीबी. तो वेगळ्या मशीनवर हवा हे आम्हालाही कळतं, पण असतं ते असं असतं. डेटाबेस आम्ही पुण्यातून सांभाळतो.

जून २०२४ मध्ये एका संध्याकाळी, ऐन संकलनाच्या वेळी, मशीनची मेमरी संपली आणि कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारून ती मोकळी करणाऱ्या यंत्रणेने) पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली. पोस्टग्रेसचं धोरण असं की एखादी बॅकएंड (एका कनेक्शनचं काम बघणारी) प्रोसेस अशी अचानक मेली, तर तिने सामायिक मेमरीत काही अर्धवट लिहून ठेवलं असेल असं धरून चालायचं. म्हणजे बाकीची सगळी कनेक्शनं तोडायची, लॉगवरून रिकव्हरी करायची आणि पुन्हा उभं राहायचं. काही मिनिटांचाच खेळ, पण तेवढ्यात केंद्रांवर रांगा लागल्या. संगणक विभागाच्या साहेबांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, दूध थांबत नाही हो. सर्व्हर कसा थांबला?"

आठवड्याभरात असंच पुन्हा झालं. मग हार्डवेअर पुरवठादाराने रॅम दुप्पट करायचं कोटेशन दिलं, सव्वा लाखाच्या पुढचं. ते खरेदी समितीकडे गेलं. आमच्या ऑफिसातला सीनियर, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, म्हणाला, "विकत घेऊ देत, पण आधी आहे ती कुठे गेली याचा हिशोब लाव."

हिशोब लावायला बसले आणि तो लागेना. बफर्स ३२, जावा ४८, साडेतीनशे कनेक्शनांची स्वतःची मेमरी मिळून फार तर दहा. ऑपरेटिंग सिस्टीमचं इकडंतिकडं धरलं तरी बरीच मेमरी उरायला हवी होती. मग प्रॉक मेमइन्फो ही कर्नलची मेमरीचा हिशोब दाखवणारी फाइल वरून खाली नीट वाचली. आपण सगळेच पहिल्या चार ओळी बघून ती बंद करतो. बरंच खाली 'पेजटेबल्स' नावाची ओळ आहे. तिच्यासमोर किलोबाइटमध्ये आकडा होता, त्याचे होत होते सोळा जीबी. प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या टॉप किंवा पीएस कमांडमध्ये हे कुठल्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही.

हे सोळा जीबी म्हणजे काय, ते सांगते. प्रोसेस वापरते ते पत्ते आभासी असतात. कुठला पत्ता खऱ्या रॅममध्ये कुठे आहे याची नोंद कर्नल पेज टेबलमध्ये ठेवतो. ही नोंद बाइटागणिक नसते, पानागणिक असते; पान म्हणजे मेमरीचा ठरलेल्या आकाराचा तुकडा. इंटेल-एएमडीच्या मशीनवर मूळ पान ४ केबीचं आणि एक नोंद ८ बाइटची. ३२ जीबीला ४ केबीने भागा, ८३,८८,६०८ नोंदी होतात. गुणिले ८ बाइट म्हणजे ६४ एमबी. आणि हे एका प्रोसेसचं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतो. बफर्स सगळ्यांचे एकच, पण त्यांच्या नोंदी प्रत्येकाच्या स्वतःच्या टेबलात. एकाच शिवाराचा गुंठ्यागुंठ्याने सातबारा काढायचा आणि साडेतीनशे वारसांनी तो आपापल्या घरी वेगळा ठेवायचा, असा प्रकार. साडेतीनशे गुणिले ६४ एमबी म्हणजे जवळजवळ बावीस जीबी. नोंद पहिल्यांदा हात लावल्यावरच होते, त्यामुळे नवं कनेक्शन हलकं असतं. पण आमच्या कनेक्शन पूलमधली कनेक्शनं दिवसचे दिवस उघडी राहतात आणि हळूहळू बहुतेक सगळे बफर्स हाताळून होतात. म्हणून सोळा, आणि म्हणूनच सर्व्हर रीस्टार्ट केला की आठवडाभर सगळं आलबेल वाटायचं.

प्रोसेसर ही नोंद शोधतो चार पायऱ्या उतरून. कर्नलच्या भाषेत पीजीडी, पीयूडी, पीएमडी आणि शेवटी पीटीई. प्रत्येक पायरीवरचं टेबल ४ केबीचंच, त्यात ५१२ नोंदी. शेवटची पायरी गाळून तिसऱ्यावरच थांबलं की पान होतं ५१२ पट, म्हणजे २ एमबीचं. दुसऱ्यावरच थांबलं की १ जीबीचं. मोठी पानं ही एवढीच गोष्ट आहे. २ एमबीची पानं घेतली की आमच्या ३२ जीबीला १६,३८४ नोंदी लागतात, दर प्रोसेसला १२८ केबी. ६४ एमबीच्या जागी १२८ केबी.

शिवाय टीएलबी. शोधलेल्या नोंदी प्रोसेसर स्वतःजवळ लक्षात ठेवतो, ती जागा फार लहान असते. इंटेलच्या स्कायलेक घराण्यात दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १५३६ नोंदी मावतात. ४ केबीच्या पानांनी त्यात ६ एमबी मेमरी झाकली जाते, २ एमबीच्या पानांनी ३ जीबी.

एवढं कळल्यावर मी साहेबांना मेल लिहिली. पुरवठादाराचा माणूस तेव्हा तिथेच होता. त्याने मेमइन्फोच्या तळाच्या ओळी काढून दाखवल्या. 'डायरेक्टमॅप ४के', 'डायरेक्टमॅप २एम', 'डायरेक्टमॅप १जी', आणि शेवटच्या ओळीसमोर शंभर जीबीच्या वर आकडा. "मोठी पानं चालूच आहेत की, मॅडम काय वेगळं सांगतायत?" साहेबांनी तसाच फोटो मला पाठवला. ही गल्लत मी नंतर बऱ्याच जणांची पाहिली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

त्या तीन ओळी कर्नलच्या स्वतःच्या सोयीच्या आहेत. मशीन चालू होताना कर्नल सगळी खरी रॅम आपल्या पत्त्यांच्या प्रदेशात एका सरळ रेषेत मांडून घेतो. त्यालाच डायरेक्ट मॅप म्हणतात. खऱ्या रॅममधल्या कुठल्याही जागेला हात घालायचा तर त्याला एक ठरलेला आकडा मिळवला की पत्ता मिळतो. ही मांडणी करताना तो स्वतःसाठी जमेल तिथे १ जीबीची पानं वापरतो. जिथे पट्टा १ जीबीच्या हद्दीवर सुरू होत नाही किंवा मधेच फर्मवेअरची जागा येते तिथे २ एमबीची, आणि अगदी कडेच्या तुकड्यांना ४ केबीची. म्हणजे त्याच रॅमची कर्नलच्या टेबलात १ जीबीची एक नोंद असू शकते आणि पोस्टग्रेसच्या टेबलात त्याच जागेच्या ४ केबीच्या अडीच लाखांवर नोंदी. दोन्ही एकाच वेळी खरं. कर्नल स्वतःला मोठी पानं न मागता घेतो, आपल्याला मात्र अर्ज करावा लागतो. सरकारी बंगल्याची आठवण झाली तर तो माझा दोष नाही.

डायरेक्ट मॅपमधली मोठी पानं कायम मोठी राहतात असंही नाही. एका नोंदीला परवानगी एकच असते, वाचायची, लिहायची किंवा चालवायची. कर्नल मॉड्यूल लोड झालं किंवा बीपीएफ प्रोग्रॅम (कर्नलच्या आत चालणारा लहान प्रोग्रॅम, निरीक्षणाची सॉफ्टवेअर असे लावतात) लागला, की त्या कोडच्या जागेवर लिहायला बंदी घालावी लागते. ती जागा १ जीबीच्या पानात असेल तर ते पान फोडून ५१२ लहान पानं करावी लागतात, त्यातलं एक पुन्हा फोडावं लागतं. प्रॉक व्हीएमस्टॅटमध्ये डायरेक्ट मॅप लेव्हल २ आणि लेव्हल ३ स्प्लिट्स अशा दोन ओळी कर्नल ५.१३ पासून दिसतात. लेव्हल ३ म्हणजे १ जीबीचं पान फुटलं, लेव्हल २ म्हणजे २ एमबीचं. ऑफिसच्या चाचणी मशीनवर काही बीपीएफ प्रोग्रॅम लावून मी हे आकडे चढताना पाहिले. प्रोग्रॅम काढले तरी ते उतरले नाहीत, 'डायरेक्टमॅप १जी'चा आकडाही परत चढला नाही. आमच्या कर्नलवर फुटलेलं पान रीबूटशिवाय जुळत नाही. ५.१८ मध्ये बीपीएफचे लहान लहान प्रोग्रॅम एकाच सामायिक जागेत भरायची सोय आली ती याच कारणासाठी.

आणखी एक शंका पुरवठादाराकडून आली, ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसची, म्हणजे कर्नल आपणहून देतो त्या मोठ्या पानांची. ती उबुंटूवर 'मॅडव्हाइज'वर (प्रोग्रॅमने मागितली तरच) असतात, 'ऑल्वेज' केलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. पण ती सोय प्रोसेसच्या खाजगी मेमरीसाठी. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स सामायिक मेमरीत असतात, त्यांना 'श्मेम एनेबल्ड' नावाची वेगळी किल्ली आहे आणि ती मुळात 'नेव्हर'वर असते. ते हलवून बघण्यापेक्षा ह्यूज पेजेस सरळ राखून ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटलं.

जुलैमध्ये चाचणी. ऑफिसचं मशीन बरेच महिने बंद न केलेलं, ६४ जीबीचं. त्यावर १६ जीबीचे बफर्स लावले. किती पानं लागतील ते पोस्टग्रेस स्वतःच सांगतो. आवृत्ती १५ पासून त्यासाठी वेगळं पॅरामीटर आहे, शेअर्ड मेमरी साइज इन ह्यूज पेजेस. चालू सर्व्हरवर 'शो' म्हणून विचारा. सर्व्हर बंद असेल तर पोस्टग्रेसच्या मूळ प्रोग्रॅमला इंग्रजी कॅपिटल 'सी'च्या पर्यायाने (-C) विचारा. चालू असताना तो पर्याय चालत नाही. बफर्सच्या आकड्याला २ एमबीने भागून मोकळे होऊ नका, बफर्सची नोंदवही, लॉक वगैरे मिळून वर थोडं लागतंच.

आकडा घेतला, सिस्कंट्रोलने (कर्नलची सेटिंग बदलायच्या कमांडने) एनआर-ह्यूजपेजेस मध्ये लिहिला. कमांड मुकाट्याने परत आली, एरर नाही, इशारा नाही. मेमइन्फोत 'ह्यूजपेजेस टोटल' पाहिलं तर मागितलेल्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. कर्नलला जेवढी मिळाली तेवढी दिली आणि गप्प बसला. कारण २ एमबीच्या पानाला २ एमबी सलग, हद्दीवर सुरू होणारी खरी रॅम लागते. महिनोन्महिने चाललेल्या मशीनची मोकळी रॅम ४-४ केबीच्या चुऱ्यात विखुरलेली असते. प्रॉक बडीइन्फो फाइलीत हे डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक ओळीत अकरा आकडे असतात, डावीकडचा ४ केबीच्या मोकळ्या तुकड्यांचा, पुढचा त्याच्या दुप्पट आकाराच्या, असं करत दहावा आकडा २ एमबीच्या तुकड्यांचा. आमच्या मशीनवर डावीकडे आकडे हजारोंनी आणि उजवीकडे एक, दोन नाहीतर शून्य. कॅशे टाकून देऊन आणि कॉम्पॅक्ट मेमरीला (विखुरलेली रॅम एकत्र करायच्या किल्लीला) धक्का देऊन अजून काही पानं मिळाली, पण पुरी नाहीच.

त्याच्या पुढची गंमत पोस्टग्रेसची. त्याचं 'ह्यूज पेजेस' सेटिंग मुळात 'ट्राय'वर असतं. पानं पुरली नाहीत तर तो काही न बोलता ४ केबीवर चालू होतो. म्हणजे बघा, अर्धवट राखलेली पानं कुणीच वापरत नाही, ती दुसऱ्या कशालाही देता येत नाहीत, स्वॅपलाही जात नाहीत, आणि पोस्टग्रेस पुन्हा नव्याने तेवढीच मेमरी घेतो. मेमरी वाचवायला निघालेल्या सर्व्हरवर बफर्सचा खर्च दुप्पट. हे संघाच्या मशीनवर झालं असतं तर संध्याकाळचं संकलन होईपर्यंतही ते टिकलं नसतं. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. पानं बूटच्या वेळीच, ग्रबमधल्या (मशीन चालू होताना कर्नल उठवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) कर्नलच्या ओळीतून मागायची, कारण तेव्हा रॅम कोरी असते. आणि पोस्टग्रेसला 'ट्राय' नव्हे तर 'ऑन' सांगायचं. पुरली नाहीत तर तो उठणारच नाही, पण निदान ओरडेल.

१ जीबीची पानं का नाही, असं दादाने विचारलं. पोस्टग्रेस १४ पासून पानाचा आकार निवडता येतो, प्रोसेसरच्या फ्लॅग्जमध्ये पीडीपीई१जीबी असला की झालं. पण ६४ एमबीवरून १२८ केबीवर आल्यावर अजून खाली जाऊन हाती फार काही लागत नव्हतं. त्यात स्कायलेकवर १ जीबीच्या पानांसाठी टीएलबीच्या दुसऱ्या पातळीवर १६च नोंदी. सोडून दिलं. काही ठिकाणी ह्यूजटीएलबी-एसएचएम-ग्रुप आणि मेमलॉकची मर्यादाही बदला असं सांगतात. पोस्टग्रेसची शेअर्ड मेमरी मूळच्या 'एममॅप' पद्धतीवर असेल तर ते लागत नाही. आम्हाला लागलं नाही.

ऑगस्टमध्ये कागदपत्रं. सर्व्हर बंद ठेवायचा आणि बूटची ओळ बदलायची म्हणजे टिप्पणी. ती संगणक विभागातून लेखा, तिथून प्रशासन, शेवटी कार्यकारी संचालकांची सही. मी तयार केलेला मसुदा साहेबांनी टाइप करून घेतला आणि फाइल वर गेली. ती पहिल्यांदा परत आली लेखा विभागातून, खर्चाचा रकाना कोरा म्हणून. काही खर्च नसेल तर 'निरंक' लिहावं लागतं. दुसऱ्यांदा परत आली शेऱ्यासह: मेमरी अपुरी असल्याने वाढवण्याचे कोटेशन विचाराधीन असताना ३३ जीबी राखीव ठेवण्याचे प्रयोजन काय? प्रश्न चुकीचा अजिबात नव्हता. 'राखीव' वाचल्यावर कुणालाही असंच वाटणार. तेव्हा टिप्पणीला एक तक्ता जोडला. डाव्या बाजूला आज: बफर्स ३२, त्यांच्या नोंदी १६, एकूण ४८. उजव्या बाजूला उद्या: बफर्स आणि त्यांचा पसारा मिळून ३३, नोंदी नगण्य. याच्यापलीकडे एकही तांत्रिक शब्द लिहिला नाही. फाइल पुढे गेली.

अशी टिप्पणी कुणाला लिहायची असेल तर तीन गोष्टी सुरुवातीपासून घाला. बंद ठेवायची नेमकी वेळ, पूर्ववत करायची पद्धत आणि तिला लागणारा वेळ, आणि त्या रात्री हजर राहणाऱ्यांची नावं दोन्ही बाजूंची. पूर्ववत करणं आमच्याकडे सोपं होतं: ग्रबची ओळ काढा, पोस्टग्रेस पुन्हा 'ट्राय'वर न्या, रीबूट. अर्धा तास लिहिला. वरच्या लोकांनी सगळ्यात आधी तेच वाचलं.

तारीख काढणं हे वेगळंच प्रकरण. बिलाची कामं १, ११ आणि २१ तारखेनंतर, म्हणजे ते दिवस बाद. ७ ते १७ सप्टेंबर गणपती, निम्मा स्टाफ गावी. ऑक्टोबर अखेरीला दिवाळीच्या आधी उत्पादकांना दूध फरक (दुधाच्या दरातल्या फरकाची रक्कम) वाटायचा असतो, तेव्हा अहवालांचा मारा असतो, त्याच्या आत काम व्हायलाच हवं. उरला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. त्यावर एका संचालकांनी पितृपक्ष चालू आहे, नवीन काही नको असं सुचवलं. साहेब म्हणाले, "नवीन कुठं काय घेतोय, आहे तेच आवरून ठेवतोय." बुधवार, २५ सप्टेंबर, रात्री ११ ते २ असं ठरलं. जावक क्रमांकासह पत्र आलं तेव्हा हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी स्वारगेटहून निघाले. हे काम दुरूनही करता आलं असतं, पण रीबूटनंतर मशीन उठलं नाही तर कन्सोलसमोर माणूस हवं, आणि ते आपलंच असलेलं बरं. टँकरच्या नोंदी दहाच्या सुमारास संपल्या. बॅकअप संध्याकाळीच घेऊन, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला होता. अकराला ॲप्लिकेशन बंद केलं. पोस्टग्रेस बंद करण्यापूर्वी हाताने एक चेकपॉइंट दिला. नाहीतर बंद होताना सगळे बदललेले बफर्स लिहून काढत बसतो आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो. बंद झाल्यावर पानांचा आकडा पुन्हा एकदा विचारला. सोळा हजार सातशेच्या घरात आला. थोडा हात सैल सोडून १६,८०० ग्रबच्या ओळीत लिहिले, अपडेट-ग्रब चालवलं, कॉन्फिगमध्ये 'ऑन' केलं, रीबूट.

मोठे सर्व्हर उठायला वेळ लावतात. पडद्यावर कंपनीचा लोगो, खाली रॅम तपासतोय अशी ओळ, आणि ती सरकतच नाही. साहेब दोनदा आत येऊन गेले. दहाएक मिनिटांनी लॉगिन आलं. टोटल १६,८००, फ्री १६,८००. दोन्ही सॉकेटच्या रॅममध्ये निम्मी-निम्मी पडलीत का तेही पाहिलं, ८,४०० आणि ८,४००.

पोस्टग्रेस पहिल्या फटक्यात उठला. मग साहेबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचली आणि म्हणाले, "मॅडम, फ्री अजून सोळा हजारच्या वर दिसतंय. वापरलीच नाहीत की त्यानं." खाली 'आरएसव्हीडी' नावाची ओळ आहे, ती दाखवली. तिथेही सोळा हजारांच्या वर आकडा होता. पोस्टग्रेसने ती पानं आपल्या नावावर करून घेतलेली असतात, पण जोपर्यंत त्या जागेला प्रत्यक्ष हात लागत नाही तोपर्यंत ती 'फ्री'मध्येही मोजली जातात. फ्री वजा आरएसव्हीडी ही खरी शिल्लक, आमची शंभरच्या आसपास. खात्रीसाठी पोस्टग्रेसच्या एका प्रोसेसची एसमॅप्स फाइल (तिच्या मेमरीचा पट्ट्यागणिक तपशील) उघडली. शेअर्ड बफर्सच्या भल्या मोठ्या पट्ट्यासमोर 'कर्नलपेजसाइज' २०४८ केबी. आवृत्ती १७ असेल तर ही खटपट नको, तिथे 'ह्यूज पेजेस स्टेटस' म्हणून थेट विचारता येतं. एकच्या आत ॲप्लिकेशन चालू झालं. दोन केंद्रांच्या चाचणी नोंदी करून पावत्या काढल्या आणि कॅन्टीनमधून चहा मागवला.

पहाटे पाचच्या सुमारास साहेबांच्या मोबाइलवर मेमरीचा अलर्ट. केंद्रं नुकती उघडत होती आणि वापर नेहमीपेक्षा तीस-बत्तीस जीबीने जास्त. हे आधी सांगून ठेवायला हवं असतं तिथल्या लोकांना, म्हणून तुम्हाला सांगते. पूर्वी शेअर्ड बफर्स 'फ्री' कमांडच्या बफ-कॅशे या रकान्यात धरले जात, तेही जसजसे भरतील तसे. राखीव ह्यूज पेजेस पहिल्या क्षणापासून सरळ 'यूज्ड'मध्ये जातात. उलट प्रोसेसच्या आरएसएसमध्ये (तिच्या नावावर दिसणाऱ्या रॅममध्ये) ती मोजली जात नाहीत, त्यामुळे टॉपमध्ये पोस्टग्रेस अचानक बारीक झालेला दिसतो. अलर्टच्या मर्यादा त्या रात्रीच बदलायच्या कामांच्या यादीत घाला.

आठवड्याभराने, म्हणजे जेव्हा पूर्वी नोंदी फुगलेल्या असायच्या तेव्हा, पेजटेबल्सची ओळ साडेतीनशे एमबीच्या आसपास होती. ती उरलेली प्रोसेसच्या खाजगी मेमरीची. १ ऑक्टोबरच्या बिलाला थोडा कमी वेळ लागला, दोन तासांच्या वर जायचा तो दोनच्या आत आला. पण त्यातलं किती टीएलबीचं आणि किती डिस्क कॅशेला मिळालेल्या जादा जागेचं हे मी वेगळं मोजलेलं नाही. वेगासाठी हे करत असाल तर फार आशा ठेवू नका. कनेक्शनं कमी आणि बफर्स लहान असतील तर तर मुळीच नको. आधी पेजटेबल्सची ओळ बघा. ती एक-दोन जीबीच्या आत असेल तर हा सगळा उपद्व्याप कशाला?

दूध फरकाचं वाटप दिवाळीआधी झालं, ओओएम किलर आला नाही. रॅमचं कोटेशन समितीने पुढे ढकललं, नाकारलेलं नाही. आमचं बिल जीएसटीसह साडेअठरा हजारांचं झालं आणि टीडीएस कापून डिसेंबरात आलं.

संघात एक कागद छापून रॅकच्या दाराला चिकटवून आलेय. शेअर्ड बफर्स किंवा कनेक्शनांची मर्यादा वाढवली तर आधी पानांचा आकडा विचारायचा आणि ग्रबची ओळ बदलायची, नाहीतर पोस्टग्रेस उठणार नाही. कर्नल अपडेटनंतर टोटल मोजायची. कुणी नवीन निरीक्षणाचं सॉफ्टवेअर बसवायला आलं तर आधी आणि नंतर डायरेक्टमॅपच्या तीन ओळी लिहून ठेवायच्या. आता ॲप्लिकेशन सर्व्हर खरंच वेगळ्या मशीनवर जातोय, तेव्हा बफर्स ४० जीबी करायचे आहेत, म्हणजे एकवीस हजार पानं. त्याची टिप्पणी मीच लिहून दिलीये, खर्चाच्या रकान्यात 'निरंक' घालून. सध्या लेखा विभागात आहे.